गिरणगावाचे एक वर्ष : सन १८९०

(चिंचोटी येथे उद्योजक आणि कामगार यांच्या एकत्रित मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तुंगारेश्वराच्या पायथ्याशी वसलेले हे चिंचोटी काही दशकांपूर्वीपर्यंत भातशेती आणि पाड्यांचा परिसर होता. आज एका बाजूने मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, दुसऱ्या बाजूने कामणवरून भिवंडीचा रस्ता फुटतो आणि या दोन्ही रस्त्यांच्या कडेने कारखाने, गाळे व गोदामे यांची रांग लागली आहे. या सभागृहात गाळ्यांचे मालक आहेत आणि त्या गाळ्यांत राबणारे हातही आहेत. दोघे एका सतरंजीवर बसले आहेत, हे पाहूनच मी आजचा विषय निवडला. गाव जेव्हा उद्योगनगरी होऊ लागते तेव्हा काय घडते, हे समजून घ्यायचे असेल तर आपल्याला फार दूर जावे लागत नाही. वसईच्या खाडीपलीकडची मुंबई हा अनुभव सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी घेऊन चुकली आहे. त्या मुंबईच्या आयुष्यातील एकच वर्ष मी आपल्यापुढे मांडणार आहे. ते वर्ष आहे १८९०.

वाढत्या शहराचे वैभव

मुंबईच्या गिरणी उद्योगाचा पाया कावसजी नानाभाई दावर यांनी घातला. १८५४ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवच्या गिरणीतून सूत निघू लागले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले, सट्टा माजला आणि १८६५ मध्ये तो फुगा फुटून अनेक घराणी धुळीस मिळाली. त्या पडझडीतून सावरल्यावर मात्र गिरण्यांची वाढ झपाट्याने झाली. मुंबईचे सूत चीनच्या बाजारात जाऊ लागले. १८९० पर्यंत गिरण्यांची संख्या ७० च्या आसपास पोहोचली होती आणि त्यांत ५० हजारांहून अधिक माणसे रोज कामाला जात होती. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार ७६४ भरली.

बाहेरून पाहणाऱ्याला हे शहर दिपवून टाकणारे होते. बोरीबंदरचे भव्य रेल्वे स्थानक नुकतेच पूर्ण झाले होते. रस्त्यांवरून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. १८८८ च्या कायद्याने महानगरपालिकेला नवे अधिकार मिळाले होते. विहार आणि तुळशी तलावांचे पाणी अपुरे पडू लागल्यामुळे ठाणे जिल्ह्यातील तानसा नदीवर धरण बांधण्याचे काम चालू होते. आपल्या वसईचाही या शहराशी संबंध जडला होता. १८६४ मध्ये रेल्वे वसईची खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत गेली, १८६७ मध्ये विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली आणि वसईची केळी, भाजी व विड्याची पाने मुंबईच्या बाजारात पोहोचू लागली. शहर वाढते तेव्हा ते भोवतालच्या मुलखाचे पाणी, पीक आणि माणसे आपल्याकडे ओढून घेते. हा नियम तेव्हाही होता, आजही आहे.

सूर्यावर चालणारे घड्याळ

या वैभवाच्या आत, ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, परळ या पट्ट्यात, दुसरे एक जग होते. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेला कुणबी-मराठा, महार आणि इतर अनेक जातींतील कष्टकरी समाज येथे चाळींच्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होता. गावी जमिनीचा तुकडा, म्हातारे आईवडील आणि सावकाराचे देणे. मुंबईत खानावळीचे जेवण आणि मुकादमाची मर्जी. नोकरी मिळवून देणारा मुकादम, ती घालवणाराही मुकादमच.

त्या काळी बहुतेक गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. हिवाळ्यात हा दिवस लहान असे. उन्हाळ्यात तोच तेरा-चौदा तासांपर्यंत लांबे. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली, खिडक्या बंद, कापसाची तूस श्वासाबरोबर छातीत जाणारी. पगार महिना उलटून गेल्यावरही हाती पडत नसे, आणि तोवर वाणी व सावकार यांच्याकडे उधारी चढत असे. आठवड्याची सुट्टी ही कल्पनाच नव्हती. सणावारी किंवा महिन्यातून कधी गिरणी बंद राहिली तरी यंत्रे साफ करण्यासाठी कामगाराला अर्धा दिवस बोलावले जाई.

१८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा झाला होता. परंतु त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली, एवढेच. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्यासाठी त्यात काहीही नव्हते.

महालक्ष्मीची सभा

अशा परिस्थितीत एक माणूस उभा राहिला. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचे नाव. १८४८ मध्ये ठाण्यात जन्मलेला हा गृहस्थ महात्मा जोतीराव फुले यांचा सहकारी आणि सत्यशोधक समाजाचा कार्यकर्ता होता. मांडवीच्या एका गिरणीत त्यांनी भांडारपाल म्हणून नोकरी केली होती, म्हणून गिरणीच्या आतले जग त्यांना ऐकीव नव्हते. १८८० पासून ते मुंबईतून ‘दीनबंधु’ हे पत्र चालवीत होते.

लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या किती साध्या होत्या पाहा : आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि काम करताना इजा झालेल्यास मदत. यात कोठेही गिरणी बंद पाडण्याची भाषा नव्हती. माणसासारखे जगू द्या, एवढीच विनंती होती. तिला सहा वर्षे दाद मिळाली नाही.

मग २४ एप्रिल १८९० चा दिवस उजाडला. महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १० हजार कामगार एकत्र आले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. ज्या काळात सुशिक्षित घरातील स्त्रीलाही व्यासपीठ दुर्मीळ होते, त्या काळात गिरणीत राबणारी बाई हजारोंच्या समुदायापुढे उभी राहून बोलली, हे आपण विसरता कामा नये. साप्ताहिक सुट्टीचे निवेदन गिरणीमालकांच्या संघटनेकडे गेले आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

या तारखांकडे आणखी एका दृष्टीने पाहिले पाहिजे. पॅरिसच्या परिषदेतील ठरावानुसार जगभर पहिला कामगार दिन पाळला गेला तो १ मे १८९० रोजी. महालक्ष्मीची सभा त्याच्या बरोबर एक आठवडा आधीची आहे. आपल्या कामगाराला जागे करण्यासाठी बाहेरून कोणी यावे लागले नव्हते. त्याने मागितलेला रविवारही परका नव्हता. तो खंडोबाचा वार. गिरणीतल्या कितीतरी घरांचे कुलदैवत जेजुरीला होते.

स्वदेशी उद्योग आणि स्वदेशी श्रमिक

मात्र या कथेत एक पेच आहे आणि आजच्या श्रोत्यांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. भारतात कारखाना कायदे कडक व्हावेत, असा आग्रह तेव्हा सर्वांत मोठ्याने कोण धरीत होते? लँकेशायरचे गिरणीमालक. मुंबईच्या कामगाराविषयी त्यांना उमाळा आला होता, असे मानण्याचे कारण नाही. मुंबईची गिरणी त्यांची बाजारपेठ हिसकावीत होती, हे खरे दुखणे होते. त्यामुळे आपल्याकडील अनेक देशभक्त पुढारी आणि वृत्तपत्रे या कायद्यांच्या विरोधात गेली. त्यांची शंका निराधार नव्हती. परक्याच्या सोयीचा कायदा आपल्या कोवळ्या उद्योगाचा गळा घोटील, ही भीती खरी होती.

परंतु लोखंडे यांनी वेगळा विचार केला. मँचेस्टरचा हेतू अशुद्ध असेल, म्हणून परळच्या कामगाराचा थकवा खोटा ठरत नाही. स्वदेशी उद्योग वाढलाच पाहिजे. पण तो स्वदेशी माणसाच्या हाडांवर उभा राहिला तर त्याला स्वदेशी कोणत्या अर्थाने म्हणावे? देशाचे हित आणि श्रमिकाचे हित यांना परस्परांसमोर उभे करणारी मांडणीच मुळात सदोष आहे. गिरणीमालकांनी स्वतः होऊन रविवार दिला, तेव्हा हा पेच काही प्रमाणात तरी घरातल्या घरात सुटला.

त्याच वर्षी सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. सोराबजी शापूरजी बंगाली हे त्याचे सदस्य होते आणि मुंबईपुरते लोखंडे यांनाही त्याच्याशी जोडून घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मान्य केली, स्त्रियांसाठी कमाल ११ तास आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ७ तास ठरविले. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना मात्र १९११ पर्यंत वाट पाहावी लागली आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा येण्यास १९४० चे दशक उजाडले. वर्ष सरत असताना, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव फुले यांचे पुण्यात निधन झाले. आपल्या शिष्याचे हे यश त्यांच्या हयातीतच पदरी पडले होते.

एका दिवसाने काय दिले?

कोणी विचारील, आठवड्यातून एक दिवस मिळाला, त्यात एवढे काय? मी म्हणेन, त्या दिवसाने गर्दीचा समाज केला. रोज पहाटे उठून रात्री अंग टाकणारा माणूस कोणाचा शेजारी होऊ शकत नाही. एक दिवस मोकळा मिळाला तेव्हा गावकऱ्यांच्या बैठका बसू लागल्या, भजनी मंडळे रंगली, आखाडे घुमले, गावाकडची पत्रे वाचली आणि लिहिली गेली. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढे तो गिरणगावाच्या चाळीचाळीत पसरला. असे उत्सव उभे करायला पैशाआधी वेळ लागतो. तो वेळ १८९० ने दिला होता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि माणसे शहर सोडून पळू लागली. लोखंडे थांबले. रुग्णांची सेवा करीत असतानाच ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. परळच्या श्रमविज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. ज्या परळमध्ये त्यांनी सभा घेतल्या, तेथील गिरण्यांचे भोंगे मात्र आता थांबले आहेत. गिरण्या गेल्या, रविवार मात्र राहिला.

येथील उद्योजक बंधूंना माझी विनंती आहे. आपल्या गाळ्यात उत्तर प्रदेश, बिहार, खानदेश, कोकण येथून आलेली, तसेच जवळच्या पाड्यावरून चालत येणारी मुले काम करतात. त्यांची सुट्टी, वेळेवर पगार, यंत्रावर जाळी आणि जखमेला औषध या गोष्टी कोणी तपासनीस येईल म्हणून देऊ नका. ती आपल्या घरातील माणसे आहेत म्हणून द्या. आणि श्रमिक बंधूंना सांगणे असे की, मिळालेला दिवस मोबदल्याच्या मोहाने विकू नका किंवा व्यसनात घालवू नका. त्या एका दिवसासाठी दहा हजार माणसे उन्हात उभी राहिली होती. तो मुलांना द्या, वाचनाला द्या, शेजाऱ्याला द्या.

उद्योग उभारणे हे राष्ट्रकार्य आहे. त्या उद्योगातील माणूस उभा राहणे हे त्याहून अणुमात्र कमी प्रतीचे राष्ट्रकार्य नाही. १८९० चे वर्ष आपल्याला एवढेच सांगते.