पडदा का चोंदतो?

सांडपाणी शुद्धीकरणाच्या कामात मी बरीच वर्षं काढली. आज माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे.

नेहमीच्या पद्धतीत जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात आणि मग गाळ तळाशी बसायची वाट पाहावी लागते. मेंब्रेन बायोरिअॅक्टरमध्ये ती वाट पाहायची गरज नसते. शेवयांसारख्या पोकळ तंतूंच्या जुड्या गाळाच्या पाण्यातच बुडवलेल्या असतात. पंप आतून ओढ देतो, पाणी तंतूंत शिरतं, जिवाणू बाहेर राहतात. पडदा असा टाकीतच बुडवण्याचा प्रयोग जपानमध्ये यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. छिद्रं साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज करा.

आता, गाळणी म्हटली की ती चोंदणारच. जिवाणू शर्करा आणि प्रथिनांचा चिकट स्राव सोडतात, त्याचा थर तंतूंवर बसतो. म्हणून खालून हवेचे बुडबुडे सोडून तंतू हलते ठेवतात आणि दर काही मिनिटांनी पंपाला विश्रांती देतात.

एका उन्हाळ्यात पुण्यातल्या एका गृहसंकुलात पाण्याची फार ओढाताण होती. फ्लशला आणि बागेला जास्त पाणी मिळावं म्हणून मी पंपाची ओढ वाढवली. चार दिवस पाणी भरपूर आलं, माझं कौतुकही झालं. मग दाबमापकाचा काटा रोज थोडा पुढे सरकू लागला आणि पाणी घटलं. मी ओढ आणखी वाढवली. त्याने थर अधिकच घट्ट बसला. शेवटी जुड्या बाहेर काढल्या, तर केस आणि कपड्यांचे धागे तंतूंत वेणीसारखे गुंफलेले. सुरुवातीची बारीक जाळी फाटली होती, ती मी तपासलीच नव्हती.

हायपोक्लोराइटने चिकटा काढला, सायट्रिक आम्लाने क्षार. आठवडाभर संकुलाला सगळं पाणी टँकरने घ्यावं लागलं. शिवाय रसायनांनी वारंवार धुतल्याने पडद्याचं आयुष्य घटतं, ते वेगळंच.

पाणी ओढण्याच्या वेगाला एक मर्यादा असते. ती ओलांडली की पडदा झपाट्याने चोंदतो, हे रॉबर्ट फील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच मांडलं होतं. मी ते वाचलंही होतं!

तेव्हा प्रकल्प चालवणाऱ्यांनो, काटा सरकला की आधी जाळी आणि बुडबुडे पाहा, पंपाला हात नंतर. आणि घरी ऐकणाऱ्यांनो, विंचरलेले केस, तळणीचं तेल, ओले टिश्यू मोरीत किंवा संडासात टाकू नका. ते पुढे कुठे अडकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.