जुन्या संगणकाची स्मरणपेटी

कोल्हापुरांत एका कॅमेऱ्याच्या स्मरणार्थ स्तंभ उभारलेला आहे. कलामहर्षि बाबूराव पेंटर यांनीं १९१८ सालीं सहकाऱ्यांच्या साह्यानें तो कॅमेरा याच नगरींत घडविला, आणि त्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीनें १९२० सालीं 'सैरंध्री' हा चित्रपट लोकांपुढें आणला. या यंत्रकौशल्याचा कोल्हापूरकरांना अभिमान वाटतो, आणि तो सर्वथा योग्य आहे. परंतु त्या कारखान्यांत जें चित्रित झालें, त्याचें पुढें काय झालें? कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्याचें दुःख पडद्यावर आणणारा १९२५ सालचा 'सावकारी पाश' हा मूकपट आज कोणासहि पाहावयास मिळत नाहीं. त्या काळची नायट्रेटची फीत ज्वालाग्राही, शिवाय कालांतरानें आपोआप कुजणारी. यंत्राची कीर्ति राहिली, यंत्रानें सांठविलेलें मात्र नाहींसें झालें.

हीच कथा, लहान प्रमाणावर, आज अनेक घरांच्या माळ्यावर घडत आहे. १९८० नंतरच्या दशकांत संगणक प्रथमच सामान्य कुटुंबांच्या आटोक्यांत आला. इंग्लंडमध्यें १९८१ च्या अखेरीस 'बीबीसी मायक्रो' व १९८२ सालीं सिंक्लेअर कंपनीचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' बाजारांत आला. हिंदुस्थानांत १९८४-८५ मध्यें शाळांना संगणकाची ओळख करून देण्याची 'क्लास' नांवाची सरकारी योजना निघाली व तींत बीबीसी मायक्रो हेंच यंत्र शाळांना मिळालें. १९८६ सालीं डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम' येथेंच विक्रीस आणला. दूरदर्शन संचाला जोडावयाचें हें काळें यंत्र मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर विराजमान झालें, आणि कांहीं वर्षांनीं, नवीं यंत्रें येतांच, कापडांत गुंडाळून वर ठेवलें गेलें. त्याच्या शेजारीं बहुधा एक खोकें असतें, आणि त्या खोक्यांत कॅसेटी किंवा चौकोनी पाकिटांतील तबकड्या असतात.

यंत्र नादुरुस्त झालें तर तसेंच दुसरें मिळूं शकतें. सर्व स्पेक्ट्रम एकाच सांच्यांतून निघालेले. खोक्यांतील गोष्ट निराळी. कोणा विद्यार्थ्यानें तेराव्या वर्षीं लिहिलेला पहिला प्रोग्रॅम, कोणा शिक्षकानें वर्गासाठीं रचलेला गणिताचा खेळ, कोणा दुकानदारानें हौसेनें ठेवलेला वर्षभराचा हिशेब, हें सारें त्या खोक्यांतच आहे, आणि त्याची दुसरी प्रत जगांत कोठेंहि नाहीं. म्हणून जुना संगणक दुरुस्त करूं इच्छिणाऱ्यानें एक क्रम प्रथमच मनाशीं ठरवावा: आधीं स्मृति वांचवावी, मग यंत्र सुधारावें, आणि त्यानंतर नवी सोय करावी. पुष्कळांच्या हातून हा क्रम नेमका उलटा होतो, आणि तेथेंच नुकसान घडतें.

या यंत्रांची स्मरणशक्ति कशी असते हें समजून घेणें अवश्य आहे. स्पेक्ट्रमच्या पोटांत ४८ किलोबाइट, म्हणजे सुमारें ४९ हजार अक्षरें मावतील एवढी तात्पुरती स्मृति असते. वीज बंद होतांच ती सर्व पुसली जाते. म्हणून लिहिलेलें राखावयाचें तर तें बाहेर उतरवून ठेवावें लागे, आणि त्यासाठीं स्वस्त साधन म्हणजे घरांतील गाण्यांचा कॅसेट-यंत्र! संगणकांत सारें कांहीं शून्य व एक या दोन चिन्हांनीं लिहिलेलें असतें. स्पेक्ट्रम शून्यासाठीं सेकंदास सुमारें २,००० कंपनांचा आणि एकासाठीं सुमारें १,००० कंपनांचा ध्वनि फितीवर उमटवितो. ती कॅसेट साध्या यंत्रावर लावली तर प्रथम एक लांब शिटी व मागून कर्कश खरखर ऐकूं येते. ती खरखर म्हणजेच प्रोग्रॅम. पूर्ण स्मृति भरावयास पांच मिनिटांच्या आसपास लागत. लिखाण ध्वनिरूप असल्यामुळें तें नभोवाणीवरूनहि पाठवितां येई. नेदरलंड्समध्यें 'हॉबीस्कूप' या कार्यक्रमांतून प्रोग्रॅम प्रक्षेपित होत व श्रोते ते कॅसेटवर उतरवून घेत.

या पद्धतींत एक गोम आहे. गाण्याच्या फितींत मध्येंच क्षणभर आवाज दबला तर कान तिकडे दुर्लक्ष करतो. संगणकाला तें चालत नाहीं. प्रत्येक भागाच्या शेवटीं पडताळ्याचा एक अंक लिहिलेला असतो, आणि वाचलेल्या मजकुराशीं तो जुळला नाहीं तर यंत्र सरळ नकार देतें. एका चिन्हाची चूक झाली तरी तो भाग अमान्य होतो.

आतां या फितींचे शत्रु कोण तें पाहूं जातां, कोल्हापूरकरांना ते दूर शोधावे लागणार नाहींत. पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. कपाटांतील चामड्याच्या वहाणेवर जी बुरशी धरते तीच फितीवर व तबकडीवरहि धरते. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत पंचगंगेचें पाणी शहराच्या सखल वस्तींत शिरलें, तेव्हां कागदपत्रांबरोबर अशा वस्तूहि भिजल्या असल्यास नवल नाहीं. उन्हाळ्यांत पत्र्याखालचा माळा तापतो, त्यानें फितीचा लेप सुटतो. याशिवाय रबर हा अंतःस्थ शत्रु आहेच. कॅसेट-यंत्रांतील बेल्ट तीस-चाळीस वर्षांत सैल पडतो किंवा डांबरासारखा चिकट होतो, आणि फितीला दाबून धरणारा रबरी रूळ कडक पडून गुळगुळीत होतो. मग फीत कधीं हळूं तर कधीं जलद धांवते, ध्वनीचीं कंपनें बदलतात, आणि यंत्राला शून्य कोणतें व एक कोणता हें कळेनासें होतें.

अशा वेळीं घाईनें कॅसेट यंत्रांत सारणें ही पहिली चूक. फीत आधीं उजेडांत पाहावी. तिच्यावर पांढरी पूड दिसली तर ती साफ होईपर्यंत चालवूं नये. यंत्राचा बेल्ट नवा घालावा, रूळ पाहावा, हेड शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावें. मग एखादी निरुपयोगी कॅसेट लावून यंत्र फीत खात नाहीं ना याची खात्री करावी. हेडशेजारीं एक बारीक स्क्रू असतो. त्यानें हेडचा कल बदलतो. ज्या यंत्रावर ध्वनि मुद्रित झाला त्या यंत्राच्या कलाशीं हा जुळला नाहीं तर आवाज बोदा येतो. कानानें ऐकत, खरखर अगदीं स्वच्छ व तीव्र होईपर्यंत, तो स्क्रू हलक्या हातानें फिरवावा. एवढें झालें कीं कॅसेट स्पेक्ट्रमला न जोडतां ती आधुनिक संगणकावर ध्वनि म्हणून उतरवून घ्यावी. फीत एकदांच चालली तरी तिची प्रत हातीं राहते, आणि त्या प्रतीवर पुढें कितीहि वेळां प्रयत्न करतां येतात.

कॅसेटचा संथपणा टाळण्यासाठीं सिंक्लेअर कंपनीनें १९८३ सालीं 'मायक्रोड्राइव्ह' काढला. आगपेटीहून लहान अशा डबींत दोन मिलिमीटरहून अरुंद व सुमारें पांच मीटर लांब फितीचा अखंड फेरा, आणि तो सात सेकंदांत एकदां पुरा फिरे. निदान ८५ किलोबाइट मजकूर त्यांत मावे. कल्पना चतुर, पण देह नाजूक. डबींत फितीला हेडवर टेकविणारी लोकरी कापडाची एक चकती असते. तिचा गोंद सुकून ती गळून पडते, आणि फीत उत्तम असूनहि वाचतां येत नाहीं. नवी चकती चिमट्यानें बसविली कीं कित्येक मृत डब्या पुन्हां बोलूं लागतात. डबी फेंकण्यापूर्वीं ती उघडून पाहावी, हाच याचा बोध.

बीबीसी मायक्रोला कॅसेटप्रमाणें सव्वापांच इंची तबकडीहि जोडतां येई. चाळीस रेघांच्या एका बाजूवर १०० किलोबाइट, आणि तिच्या सूचींत अधिकांत अधिक ३१ नांवें. मात्र हें यंत्र बाहेर काढल्याबरोबर विजेला जोडण्याचा मोह आवरावा. त्याच्या वीजपुरवठ्याच्या पेटींत खरखर थोपविणारे कपॅसिटर असतात. त्यांच्या पिवळसर कवचाला कालांतरानें भेगा पडतात, ओल आंत शिरते, आणि वीज लागतांच ते फुटून खोलीभर उग्र धूर होतो. ते आधीं बदलून घेणें शहाणपणाचें. पेटी उघडण्यापूर्वीं वीज तोडलेली असावी, आणि ज्याला या कामाची संवय नाहीं त्यानें तें जाणकाराकडून करवून घ्यावें.

तबकडीचा ड्राइव्ह हें यंत्र सरळ आहे. मोटर तबकडीला मिनिटास ३०० फेरे देते, दुसरी मोटर हेडला एकेका रेघेवर नेऊन उभें करते. हेड ज्या सळईवरून सरकतें तिच्यावरील वंगण सुकून घट्ट होतें; तें पुसून नवा थेंब दिला, हेड स्वच्छ केलें, बेल्टचा ड्राइव्ह असल्यास बेल्ट बदलला, तर निम्मी दुरुस्ती झाली. खरा धोका तबकडीच्या बुरशीचा. बुरशी धरलेली एक तबकडी फिरविली कीं ती घाण हेडवर चढते, आणि पुढची निर्दोष तबकडी त्याच हेडखालीं ओरखडली जाते. एका रोग्यामुळें घरभर सांथ पसरावी तसा हा प्रकार. म्हणून प्रत्येक तबकडी पाकिटाच्या फटींतून हळूंच फिरवून पाहावी, संशयित असेल ती वेगळी ठेवावी, आणि वरचेवर हेड पुसावें. 'ग्रीझवीझल' नांवाचें एक लहानसें पटल जुन्या ड्राइव्हला आधुनिक संगणकाशीं जोडतें व तबकडीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतें; अर्थ मागाहून सावकाश लावतां येतो. दुबळी तबकडी एखाद-दुसऱ्या फेरीपुरतीच टिकणारी असेल, तर हीच रीत हितावह.

स्मृति अशी सुरक्षित झाली म्हणजे सुधारणेला हात घालावा. येथें आधुनिक काळानें मोठीच सोय केली आहे. 'गोटेक' नांवाची एक पेटी चीनमध्यें तयार होते. भरतकामाच्या व कारखान्यांतील यंत्रांना जुन्या फ्लॉपीऐवजीं यूएसबी पेन ड्राइव्ह वापरतां यावा म्हणून ती निघाली. हौशी मंडळींनीं तिचा अंतर्गत प्रोग्रॅम बदलून ती जुन्या घरगुती संगणकांनाहि लागू केली. संगणकाला वाटतें आपण तबकडीच वाचीत आहों. वस्तुतः पलीकडे फिरणारें कांहींच नसतें. स्पेक्ट्रमच्या मागील जोडणीवर मेमरी कार्डाचें पटल बसवितां येतें, आणि पांच मिनिटें वाट पाहावयास लावणारा प्रोग्रॅम पापणी लवतांच हजर होतो. बोटाच्या नखाएवढ्या चार गिगाबाइटच्या कार्डावर १०० किलोबाइटच्या तबकड्या चाळीस हजारांच्या घरांत मावतात. एवढ्या कोणाच्याहि घरीं नव्हत्या.

यावर जाणते दोन आक्षेप घेतात. पहिला असा कीं, शिटी गेली, खरखर गेली, वाट पाहणें गेलें, मग तें जुनें यंत्र राहिलें कोठें? आक्षेपांत तथ्य आहे. म्हणूनच सुधारणा अशी करावी कीं ती केव्हांहि उलट फिरवितां येईल. नवी पेटी बसविण्यासाठीं कवच कापूं नये, भोंकें पाडूं नयेत, मूळ ड्राइव्ह काढला तर त्यावर चिठ्ठी लावून तो कोरड्या जागीं जपून ठेवावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नवीं कार्डेंहि अमर नव्हेत. तीं जुन्या फितीसारखीं कुजत नसलीं, तरी एके दिवशीं पूर्वसूचना न देतां मुकीं होतात. याला एकच उपाय, आणि तो यंत्रांहून जुना आहे. पूर्वजांनीं पोथ्या टिकविल्या त्या एकाच पोथीला जपून नव्हे, तर तिच्या नकला करून. तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं, पुराचें पाणी पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ.

कोल्हापुरांत या कामाला लागणारें कौशल्य कमी नाहीं. शिवाजी उद्यमनगरांतील लेथवर ऑइल इंजिनाचे भाग पिढ्यान्‌पिढ्या कातले गेले. तेथील कारागिराला एक लहानसा रूळ कातून देणें अवघड नाहीं. मापाचा बेल्ट शोधणारे, सोल्डरिंगचा हात स्थिर असणारे रेडिओ-दुरुस्तीवाले अद्याप जुन्या पेठांत भेटतात. उणीव आहे ती एवढीच कीं, माळ्यावरचें खोकें उघडून पाहण्याची कोणास आठवण होत नाहीं, आणि झाली तर ती घर विकतांना किंवा पूर ओसरल्यावर होते.

बाबूराव पेंटरांच्या पिढीला फितींचा नाश थोपविण्याचें साधन नव्हतें. नायट्रेटची फीत कुजूं लागली तर तिची नक्कल करणें खर्चाचें व दुर्घट होतें. आजच्या गृहस्थाला ती सबब उरलेली नाहीं. एक दुपार, एक बेल्ट आणि थोडेसें अल्कोहोल एवढ्यांत त्याचें काम भागतें. कोल्हापुरानें कॅमेऱ्याचा स्तंभ उभारला हें उचितच झालें. परंतु त्या स्तंभाकडे पाहतांना, ज्याच्यासाठीं कॅमेरा घडला तें चित्र हरपलें, याचीहि आठवण राहिली पाहिजे. ती राहिली, तर या पावसाळ्यापूर्वीं एखादें तरी खोकें माळ्यावरून खालीं उतरेल.