पहिली गोधडी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक महिला मेळाव्यात केलेले भाषण)



बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा विषय आम्हीच मागून घेतला. आपल्या बहुतेक घरांत माळ्यावर एखादी ट्रंक असते आणि तीत आजीची, सासूबाईंची सुती लुगडी घडी करून ठेवलेली असतात. नेसवत नाहीत, टाकवतही नाहीत. त्यांची गोधडी कशी करावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आमची पहिली गोधडी १९८४ साली फसली. सासूबाईंचे लाल लुगडे आणि मामंजींचे पांढरे धोतर आम्ही एकावर एक घातले. पहिल्याच धुण्यात धोतर गुलाबी झाले. सासूबाई रागावल्या नाहीत. "ओला पांढरा रुमाल घासून बघायचा असतो, बाई," एवढेच म्हणाल्या आणि दुसरी गोधडी शेजारी बसून शिवून घेतली. खरे शिक्षण ते.

नवशिकीने एकदम मोठ्या गोधडीस हात घालू नये. बाळाचे दुपटे, दोन हात लांब व दीड हात रुंद, पुष्कळ झाले. कापड सुतीच घ्यावे. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या घाम टिपत नाहीत आणि त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात. कापड आधी धुऊन त्यातील खळ काढावी. विरलेला भाग आत जावा, धड भाग वर-खाली यावा. तीन-चार थर पुरेत. अधिक घातले तर सुई निघता निघत नाही.

सर्वांत महत्त्वाचे टाचण, आणि नेमका त्याचाच नव्या मुलींना कंटाळा. झाडलेल्या फरशीवर खालचे कापड ताणून पसरावे, चारी कोपऱ्यांवर तांबे ठेवावेत, मग एकेक थर हाताने सारखा करीत घालावा. मध्यापासून कडांकडे लांब लांब कच्चे टाके घालीत जावे, म्हणजे सुरकुती बाहेर निघून जाते. ती आत राहिली तर पुढे कितीही सुबक शिवा, मध्ये फुगा येणारच. मग कडा आत मुडपून धावदोरा घालावा: काठापासून आरंभ करून, बोटभर अंतराने, फेऱ्या घेत आत आत यावे. गाठ दोन थरांमध्ये लपवावी. दोरा हातभरच घ्यावा आणि कधी ओढू नये. ओढला की कापड चुण्या धरते. टाके वाकडे आले तर येऊ द्यावेत. बाळ काही टाके मोजीत नाही.

राहिली कात्री. ती लावताना हात थांबतो, हे आम्हांस ठाऊक आहे. सासूबाई गेल्यावर त्यांचे निळे लुगडे आम्हीही पाच वर्षे तसेच जपून ठेवले. काढून पाहिले तो घडी-घडीवर चिरलेले! उरलेल्या तुकड्यांचे नातवासाठी जेमतेम एक दुपटे झाले. ते आधी केले असते, तर त्या लुगड्याच्या दोन गोधड्या झाल्या असत्या आणि एखादा टाका त्यांनी स्वतःही घातला असता. ज्यांच्या घरी अशी वडील माणसे आज आहेत, त्यांनी ट्रंक याच आठवड्यात खाली काढावी आणि त्यांना जवळ बसवून घ्यावे.

बाहेर ओसरीवर जाजम घालून एक दुपटे टाचून ठेवले आहे. फराळानंतर सर्वांनी यावे. सुया आम्ही आणल्या आहेत. चष्मा विसरलेल्यांना दोरा ओवून देऊ.