डोळ्यांची खाज व मुलांची दृष्टी
(केंद्रसंमेलनातील भाषण)



उन्हाळ्याची चाहूल लागली की बहुतेक शाळांत एखाददुसरे मूल सारखे डोळे चोळताना दिसते. डोळे लाल, उजेड सोसत नाही, म्हणून ते दाराकडे पाठ करून बसते. फळ्यावरील शब्द वाचताना अडखळते. कोणी त्यास आळशी समजतात. कोणी ‘डोळे आले’ म्हणून घरी पाठवितात. पुष्कळदा या दोन्ही समजुती चुकीच्या असतात.

डोळे येणे हा रोगजंतूंमुळे होणारा, एकापासून दुसऱ्यास लागणारा व थोड्या दिवसांत ओसरणारा विकार होय. ॲलर्जीचा विकार निराळा. धूळ, पराग अशा एरवी निरुपद्रवी पदार्थांना शरीर वाजवीपेक्षा अधिक प्रतिकार करते व त्यामुळे डोळ्यांचा दाह होतो. त्याचा तीव्र प्रकार उष्ण व कोरड्या प्रदेशांत, लहान वयात आणि मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळतो. असह्य खाज, दोऱ्यासारखा चिकट स्राव व दरवर्षी त्याच ऋतूत उद्‌भवणे, या त्याच्या खुणा. हा विकार संसर्गजन्य नाही. तथापि शंका असल्यास निदान डॉक्टरांवरच सोपवावे.

या विकारात वरच्या पापणीच्या आत खडबडीत गाठी येतात. बुबुळावरील पारदर्शक पटलास त्यांचा उपद्रव होऊन क्वचित व्रण पडतो. तो मध्यभागी असून त्याचा डाग राहिला, तर दृष्टी कायमची उणावते. वर्षानुवर्षे डोळे चोळल्याने हे पटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा धोका असतो. मग चष्म्यानेही स्पष्ट दिसेनासे होते.

याहून मोठा धोका औषधाच्या बाटलीत आहे. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी दोन दिवसांत आराम पडतो. म्हणून पालक डॉक्टरांना न विचारता तीच बाटली दुकानातून पुनःपुन्हा आणतात. अशा दीर्घ वापराने मोतीबिंदू होऊ शकतो, तसेच डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. तो बहुधा दुखतही नाही. त्यामुळे मूल तक्रार करीत नाही. मूळ विकार बहुतेक मुलांत वयात आल्यावर आपोआप शमतो. शमणाऱ्या विकाराच्या उपचारापायी दृष्टी गमवावी, याहून दुर्दैव ते कोणते?

शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. अशा मुलास उन्हाची तिरीप न येईल अशा जागी, फळ्याजवळ बसवावे.
२. खाज सुटताच डोळे न चोळता स्वच्छ, थंड पाण्यात भिजविलेली घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवण्यास शिकवावे. उन्हात टोपी घालावयास सांगावे.
३. ६ मीटरांवरून दृष्टितक्ता एकेका डोळ्याने वाचून घ्यावा व उणीव आढळल्यास नोंद करावी.
४. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल, तेव्हा ही नोंद त्यांच्यापुढे ठेवावी. डोळा दुखत असेल, मुळीच उघडवत नसेल किंवा दिसणे कमी झाले असेल, तर पथकाची वाट न पाहता मुलास नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.
५. पालकसभेत एक वाक्य अवश्य सांगावे : डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे डोळ्यांत थेंब घालू नयेत.

मुलाचा चेहरा दिवसाचे चार-पाच तास शिक्षकांच्या नजरेसमोर असतो. त्या नजरेने वेळीच हेरले, तर एका मुलाची दृष्टी वाचेल.