हरी नदीवरील मैत्रीचे धरण

युद्धाने पोळलेल्या देशाला धान्य व औषधे तातडीने लागतात. परंतु शेताला पाणी आणि घराला वीज मिळाल्याखेरीज तो देश पुन्हा उभा राहत नाही. अफगाणिस्तानातील सलमा धरण हे त्याचे बोलके उदाहरण होय.

हेरात प्रांतात हरी नदीवर या धरणाचे काम १९७६ साली सुरू झाले आणि यादवीमुळे रखडले. पुढे भारताने ते पूर्णत्वास नेले. यंत्रसामग्री समुद्रमार्गे इराणच्या बंदर अब्बासला जाई. तेथून सरहद्दीपर्यंत १,२०० आणि पुढे धरणापर्यंत ३०० किलोमीटर खुष्कीचा प्रवास असे. सुमारे १,५०० भारतीय व अफगाण अभियंते आणि तंत्रज्ञ तेथे प्रतिकूल परिस्थितीत राबले. ४ जून २०१६ रोजी धरणाचे उद्घाटन झाले. ७५,००० हेक्टर जमिनीचे सिंचन आणि ४२ मेगावॉट वीज हे त्याचे उद्दिष्ट आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधील राजवट बदलली. मग हे साहाय्य वाया गेले काय? ते केवळ सत्ताधाऱ्यांसाठी असते, तर गेले असते. धरण मात्र हेरातच्या शेतकऱ्यासाठी बांधले होते, आणि तो शेतकरी आजही तेथेच आहे.