मरणाचा खर्च कोणी सोसावा?

(कोडोली येथील भाषण)

कष्टकऱ्याच्या घरी मृत्यू आला की शोकाच्या पाठोपाठ खर्चही उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. सरण हवे, वाहन हवे, साहित्य हवे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही मागणी जगावेगळी आहे. येथे गिऱ्हाइकाला घासाघीस करता येत नाही, की खरेदी उद्यावर टाकता येत नाही. जेथे एक पक्ष इतका अगतिक असतो, तेथे भाव ठरविण्याचे काम बाजारावर सोपविणे म्हणजे दुःखावर कर बसविणे होय.

कोल्हापूर शहराने हे ओळखले. पंचगंगेकाठच्या स्मशानभूमीत महानगरपालिका अंत्यसंस्कार मोफत करते. दहनासाठी शेणींचा मोठा वापर होतो आणि होळीला नागरिक व तरुण मंडळे होळी लहान करून शेणी दान करतात. सणात जळून गेली असती ती शेणी अनोळखी माणसाच्या चितेला लागते. पेढीवाल्याचे आणि हमालाचे सरण तेथे सारखेच असते.

मात्र दान सणासुदीला येते, मरण बारमाही असते. हक्काचा पाया कराच्या पैशावरच उभा राहिला पाहिजे. दानाने त्यास हातभार लावावा. 2019 व 2021 च्या महापुरांत ही नदीकाठची जागाच पाण्याखाली गेली. पर्यायी उंच जागा राखणे हे नियोजनाचे काम आहे, दानशूरांचे नव्हे.

शहराबाहेर काय? घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी जे 18 विषय आहेत, त्यांत स्मशाने व दफनभूमी येतात. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत त्यांचे नाव नाही. जणू खेड्यात माणसे मरतच नाहीत!

त्यात जमिनीचा प्रश्न मिसळतो. लिंगायत, मुस्लिम व ख्रिस्ती समाजांत दफनाची रीत आहे. त्यांना जागा हवी. मिठात पुरले जावे, ही जोतीराव फुल्यांची इच्छा होती. 1890 साली पालिकेने परवानगी नाकारली आणि त्यांचे दहन करावे लागले. स्मशानात अस्पृश्यता पाळणे 1955 च्या कायद्याने गुन्हा ठरला. तरीही महाराष्ट्रातील अनेक गावांत जातवार स्मशाने आजही आहेत. पाणवठा एक करण्यासाठी ज्या चळवळीने संघर्ष केला, तिचे काम स्मशानाच्या वेशीपाशी संपत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत साधे प्रश्न विचारावेत. स्मशानभूमीची नोंद सातबाऱ्यावर आहे काय? पावसाळ्यात तेथवर रस्ता पोहोचतो काय? शेड व पाणी आहे काय? तेथे कोणालाही मज्जाव आहे काय? गरिबाच्या सरणाची तरतूद अंदाजपत्रकात आहे काय? ज्याला जिवंतपणी समान वाटा मिळाला नाही, त्याला निदान निरोप तरी कर्जाविना मिळावा. ही दयेची याचना नाही. ती नागरिकत्वाची मागणी आहे.