आधी अर्ज, मग कुदळ

 

आज बचतीच्या वहीबद्दल नाही, आपल्या गावातल्या जुन्या वास्तूंबद्दल बोलायचंय. काळ्या दगडाचं हेमाडपंती मंदिर, बारव, गढी, वेस, वाडा. यातलं काही ना काही बहुतेक गावांत आहे. तुम्ही म्हणाल, ते सरकारचं काम, आपल्या गटाला त्याचं काय? तर आधी एका ताईंचं सांगते.

त्यांचं मातीचं घर जुन्या मंदिराजवळ. एक भिंत पावसानं फुगली होती. गटाकडून ६० हजार कर्ज घेतलं, गवंडी ठरवला, भिंत पाडली आणि कॉलमचे खड्डे खणले. चौथ्या दिवशी काम थांबवायची नोटीस आली. त्या घरानं पूर्ण पावसाळा ताडपत्रीखाली काढला, आणि कर्जाचा हप्ता काही थांबला नाही. त्या ताईंना नियम कोणी सांगितलाच नव्हता. म्हणून आज तो नीट समजून घेऊ.

सगळ्यात आधी बघायचं, की आपल्या गावातली वास्तू कोणाच्या यादीत आहे. काही स्मारकं केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर, सिन्नरचं गोंदेश्वर, लोणारचं दैत्यसूदन मंदिर ही त्यांतली. त्यांना १९५८ चा केंद्राचा कायदा लागतो. काही स्मारकं राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, त्यांच्यासाठी राज्याचा १९६० चा कायदा आहे. आणि उरलेल्या कितीतरी वास्तू कोणाच्याच यादीत नाहीत. स्मारकाजवळ फलक असतो, त्यावर कायद्याचं साल लिहिलेलं असतं. येता-जाता तो फलक एकदा वाचा. फलक नसेल तर ग्रामपंचायतीत लेखी विचारा.

आता केंद्राच्या यादीतल्या स्मारकाचा नियम. २०१० साली या कायद्यात दुरुस्ती झाली. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र. तिथे नवीन बांधकाम करता येत नाही. त्यापुढे आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र. तिथे बांधकाम करता येतं, पण परवानगी घेऊन. हे अंतर कळसापासून मोजत नाहीत, संरक्षित हद्दीपासून मोजतात. म्हणून नुसत्या नजरेनं अंदाज करू नका.

मग शंभर मीटरच्या आत ज्यांची घरं आधीपासून आहेत, त्यांनी काय करायचं? घर पडू द्यायचं का? नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून घर असेल, तर मालकाला दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पण इथे एक शब्द नीट ऐका. कायद्यात दुरुस्ती वेगळी आणि पुन्हा बांधणं वेगळं. आहे त्या घराची डागडुजी म्हणजे दुरुस्ती. घर पाडून नव्यानं उभं करणं ही दुरुस्ती नाही. त्यामुळे कुदळ आधी चालवली, तर ज्या घरासाठी परवानगी मिळाली असती ते घरच जागेवर राहत नाही. म्हणून आधी अर्ज, मग कुदळ.

अर्जाला वेळ किती लागतो? कायद्यानं मुदत ठरवली आहे. सक्षम प्राधिकाऱ्यानं १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणानं २ महिन्यांत मत कळवायचं, आणि त्यानंतर १ महिन्यात परवानगी द्यायची किंवा नाकारायची. म्हणजे साडेतीन महिने धरा. पावसाळ्याआधी, चैत्र-वैशाखात काम करायचं असेल तर दिवाळी झाली की अर्ज टाका. अर्जाची पोच घ्या आणि ती गटाच्या फाइलला लावा.

अर्जासोबत घर जुनं असल्याचा पुरावा लागतो. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, नमुना ८ चा उतारा, जुनं वीजबिल, जे असेल ते शोधून ठेवा. पावत्या उंदरांनी खाल्ल्या असतील तर ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदींची नक्कल मागा. आणि एक महत्त्वाचं. अर्ज मालकानं करायचा असतो. कितीतरी घरं अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहेत. घरात राहणारी, भिंती लिंपणारी, कर्ज फेडणारी बाई कागदावर कुठेच नाही. वारसनोंद करून घ्या, आणि नवरा-बायको दोघांचं नाव लावून घ्या.

आणखी एक गैरसमज दूर करते. "इथे मंदिर आहे, म्हणून नळयोजना होणार नाही, शौचालय होणार नाही," असं काही जण ठोकून देतात. कायद्यातल्या बांधकामाच्या व्याख्येतून सार्वजनिक शौचालय, सांडपाण्याची गटारं आणि लोकांसाठीची पाणीपुरवठ्याची कामं वगळलेली आहेत. म्हणून कोणी नुसतं तोंडी "होत नाही" म्हणालं, तर लेखी उत्तर मागा.

नियम मोडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून गटानं घरासाठी कर्ज मंजूर करताना एक प्रश्न विचारायची सवय लावावी: "ताई, घराजवळ संरक्षित स्मारक आहे का?" स्मारक राज्याच्या यादीतलं असेल, तर राज्य पुरातत्त्व खात्याच्या विभागीय कार्यालयात आधी विचारा.

आता वळूया कोणाच्याच यादीत नसलेल्या वास्तूंकडे. त्यांना फलक नाही, पहारेकरी नाही. लोक चांगल्या मनानं वर्गणी काढतात, आणि त्याच पैशानं नुकसान होतं. दगडी मंदिराला ऑइलपेंट देतात, सांध्यांत सिमेंट भरतात, गाभाऱ्यात फरशी बसवतात. दगड आणि चुना ओल आत घेतात आणि बाहेर टाकतात. सिमेंट आणि ऑइलपेंट ती वाट बंद करतात. ओल आत कोंडते, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. आपल्याला हे शिकवायला नको. शेणामातीनं लिंपलेली भिंत कशी वाळते आणि सिमेंटच्या गिलाव्यामागची मातीची भिंत कशी फुगते, हे आपण घरी बघितलंय.

जुने गवंडी कळीचा चुना विझवून मुरत ठेवत. त्यात वाळू, विटांचा चुरा घालून घाण्यात मळत, आणि गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी वापरत. आजही दुरुस्ती करायची तर चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायचा. तो मिळेपर्यंत नुसती निगा राखली तरी वास्तूचं आयुष्य वाढतं. छतावरचं पाणी वाहून जायची वाट मोकळी ठेवा. पिंपळाचं रोप बोटभर असतानाच काढा. मूळ जाड झालं असेल तर ओढू नका, त्यासोबत दगड निखळतो. निखळलेला दगड रस्त्याच्या कामाला जाऊ देऊ नका, तिथेच बाजूला रचून ठेवा. आणि कामाला हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

बारवेतला गाळ काढायचा असेल तर जेसीबी नको, पायऱ्या फुटतात. माणसं लावून, हळूहळू काढा. गाळात नाणी, दागिने असं काही सापडलं तर वाटून घेऊ नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मूर्ती निघाली तर ती घासू नका, रंगवू नका, तहसीलदारांना कळवा.

साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. ती बांधवून घेणारी विरूबाई भोसले. तिचं नाव तिथल्या शिलालेखात आहे. पाणी बाईनं भरायचं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. पण बाईनं विहीर बांधवली, हे आपल्याला कळतं ते त्या दगडामुळे. त्यावर कोणी सिमेंट फासलं असतं, तर हे नावही पुसलं गेलं असतं.

तर पुढच्या मासिक बैठकीत तीन कामं घ्या. गावातल्या जुन्या वास्तूंची यादी करा. स्मारकाजवळ घर असलेल्या सदस्यांचे कागद तपासा. आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा, की कोणत्याही जुन्या वास्तूला रंग, सिमेंट किंवा जेसीबी लावण्याआधी ग्रामसभेत चर्चा होईल. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का, ते बघूनच घरी जा.

काही अडलं तर आपल्या गटाच्या सीआरपी ताईंकडे प्रश्न लिहून द्या, पुढच्या भागात त्यावर बोलू.